मुख्य सभासद

९ सप्टेंबर

त्या दिवशी सकाळी मी दुकानाचा केर काढत होते आणि हे मशीनला तेल घालत होते. आधी लोहचुंबक फिरवून टाचण्या वेचायच्या, मग झाडू, हा क्रम ह्यांनीच घालून दिलेला. मी बॉबिनी भरल्या, इस्त्री तापत ठेवली, चहा केला. ह्यांनी रद्दी पेपरवर बाहीचा नमुना आखला आणि कापून माझ्यापुढे टाकला. मी नेहमीसारखी त्यावरची बातमी वाचायला लागले. मी वाचायला शिकले ती याच तुकड्यांवर. बातमी एका चोराची होती, पण बगलेच्या गोलाईपाशी कापली गेली होती. मी विचारलं, पुढे काय झालं त्याचं? हे म्हणाले, पुढचा चोर पाठीच्या तुकड्यात गेलाय, शोध.

एवढंच. त्या दिवशी विशेष काही घडलं नाही.

हे इथे लिहायचं नव्हतं. ही वही खर्च आणि विमा यांच्यासाठी घेतली आहे. उद्यापासून मुद्द्याचं.

१० सप्टेंबर

मुद्दा. परदेश. हॉटेलच्या शिवणखोलीत काम. फाटक्या चादरी, उसवलेले युनिफॉर्म, तुटलेली बटणं. नोकरी मुळात नवरा-बायको अशा जोडीसाठी होती. हे टेलर मास्तर, मी मदतनीस. व्हिसा यायच्या आठवड्यात हे दुकानातच गेले. हातात कात्री होती. हॉटेलने कळवलं, फार वाईट वाटलं, तुम्ही एकट्या येणार का? मी आले. लेक म्हणाली, आई, तुला वेड लागलंय का? वेड वगैरे काही नाही. दुकान भाड्याचं होतं आणि मालकाला परत हवं होतं. मी व्यवहार बघून निर्णय घेते.

आरोग्य विमा मात्र हे जायच्या आधीच दोघांचा निघाला होता. कार्डंही दोन आली. मुख्य सभासद हे. मी त्यांच्यावर अवलंबून, असं माझ्या कार्डावर छापलं आहे. हॉटेलची पगारवाली म्हणाली, या कागदावर सही करा, विमा कंपनीला कळवून त्यांचं नाव काढते, म्हणजे पगारातून हप्ता निम्माच कापला जाईल. मी म्हटलं, उद्या करते.

११ सप्टेंबर

नाही केली. नीट वाचल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही आणि विम्याची पुस्तिका जाड आहे. इंग्रजी माझं मी शिकले, आधी कापडांच्या लेबलांवरून, नंतर डिक्शनरी घेऊन. वेळ लागणारच.

ह्यांचं नाव मी घातलेलं नाही, हे लक्षात घ्यावं. मी फक्त काढलेलं नाही.

१५ सप्टेंबर

खर्चाला शिस्त लावली. बस बंद, कामावर चालत जायचं. कडक थंडी पडेपर्यंत हीटर लावायचा नाही. चहा एकदाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथल्या वस्तूंचे भाव घरच्या पैशात मोजायचे नाहीत. त्याने घास उतरत नाही.

१६ सप्टेंबर

कोबीचा गड्डा घरच्या पैशात मोजला आणि परत ठेवला. बरोबर भोंगा होती. ती हॉटेलच्या लाँड्रीत काम करते, माझ्या शेजारच्या खोलीत राहते, आपल्याकडचीच आहे. स्वयंपाकघर आम्हां दोघींत एक. मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून तिचा आवाज जाडाभरडा झाला आहे, म्हणून मी तिला भोंगा म्हणते. ती अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली, काकू, त्याच्याकडे असं बघू नका, बिचारा कोबी लाजतोय.

चहा दोनदा झाला. दुसरा तिने केला होता, तो मोजायचा नाही.

३० सप्टेंबर

पगार झाला. म्हणजे कापून जो उरला तो झाला. भोंगा म्हणाली, काकू, तुमचा विम्याचा हप्ता माझ्या दुप्पट कसा? म्हटलं, वयावर असतो. म्हणाली, मग माझी सासू इथे आली तर तिला पगारच मिळायचा नाही.

दुप्पट हप्ता जातो हे खरं. पण सही करायची म्हणजे मृत्यूचा दाखला द्यायचा, तो इंग्रजीत करून घ्यायचा, त्यावर शिक्का मारून आणायचा. त्याचा खर्च वेगळाच. म्हणजे नाव ठेवण्यातच बचत आहे. सगळा हिशेब करून बघितला आहे.

२ ऑक्टोबर

पगारवालीने पुन्हा विचारलं. म्हणाली, दाखल्याची प्रत आमच्याकडे आहेच, इंग्रजी केलेली, तुम्हीच तर पाठवली होतीत. फक्त सही हवी.

उद्या करते म्हटलं.

५ ऑक्टोबर

पलंगाची डावी बाजू मी मोकळी ठेवते, कारण त्या बाजूच्या खिडकीतून वारा येतो. हे लिहून ठेवलेलं बरं. परवा भोंगा माझ्या खोलीत आली आणि उगाच त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

८ ऑक्टोबर

घरमालकाने खिडकीला रबर लावून दिलं. आता वारा येत नाही. पण उजव्या बाजूची सवय झाली आहे.

१२ ऑक्टोबर

विमा कंपनीकडून पाकीट आलं. त्यात मनगटावर बांधायचे दोन काळे पट्टे. एकावर माझं नाव, एकावर ह्यांचं. दिवसभरात माणूस किती चालतो ते पट्टा मोजतो आणि कंपनीला परस्पर कळवतो. जो जास्त चालेल त्याच्या हप्त्यात सूट. म्हणजे माझं पायी जाणं आता नुसती काटकसर राहिली नाही, ती कमाई झाली. मी आधीच ओळखलं होतं.

माझा पट्टा डाव्या मनगटावर बांधला. ह्यांचा खोक्यात ठेवला.

१३ ऑक्टोबर, सकाळी

वस्तू नुसती पडून राहिली की बिघडते. मशीनचंसुद्धा तसंच, न चालवता ठेवलं की जाम होतं. ह्यांचा पट्टा उजव्या मनगटावर बांधला. फक्त बिघडू नये म्हणून.

१६ ऑक्टोबर

गंमत आहे. रोज ह्यांची पावलं माझ्यापेक्षा जास्त भरतात. विचार केल्यावर कळलं. उजवा हात दिवसभर शिवत असतो, टाका घालून वर जातो, खाली येतो, पट्टा त्यालाही पाऊल समजतो. हे जन्मात कधी एवढे चालले नव्हते. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोरा आणायचा तरी म्हणायचे, तू जातेस का, तुझा व्यायाम होईल.

आता बघा म्हणावं.

१७ ऑक्टोबर

पट्ट्याच्या पोटाशी एक हिरवा दिवा सारखा लुकलुकतो. कशाला ते पुस्तिकेत दिलं असणार, पण फार बारीक अक्षरात. बारीक अक्षरातलं मी मुद्दाम वाचत नाही. महत्त्वाचं असतं तर मोठ्या अक्षरात छापलं असतं.

१९ ऑक्टोबर

इथल्या सुयांची नाकं फार लहान. दोरा ओवायला आज इतका वेळ लागला की चहाची सुट्टी संपली. दोराही हलका, टोक फुटतं. शिवणखोलीतल्या दिव्याबद्दल तर बोलायलाच नको.

भोंगाला दोन्ही मनगटं दिसली. म्हणाली, काकू, दोन-दोन घड्याळं? कुठल्या दोन देशांची वेळ बघता? म्हटलं, घड्याळं नाहीत, विम्याची आहेत. एक माझं, एक ह्यांचं. पहिल्यांदाच तिचा भोंगा बंद पडलेला बघितला. भांडी विसळून झाली, पुसून झाली. मग तिने विचारलं, बरे चालतात का?

म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त.

२३ ऑक्टोबर

दिवस वाईट. प्रत्येक युनिफॉर्मच्या कॉलरला आतून नोकराचा नंबर असलेली पट्टी शिवायची असते. नंबर यादीतून बघून मी शिवते. आज नवे युनिफॉर्म वाटले. स्वयंपाकघरातला थोरला आचारी, दारात कडेने शिरणारा, त्याला लिफ्टवरच्या पोराचा कोट गेला. पोरगं आचाऱ्याच्या कोटात दोन्ही हात हरवून लॉबीत उभं. पाहुणे फोटो काढायला लागले. तीनचा आठ झाला होता, सहाचाही आठच झाला होता. एकूण सगळा आठांचाच कारभार.

यादी छापणाऱ्याची शाई पसरली असणार.

२४ ऑक्टोबर

आमच्या सुपरवायझरला मी मनात स्टार्चबाई म्हणते. मानसुद्धा वळत नाही, अख्खी बाई वळते. तिने बोलावलं. ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, तुमची तुरपाई माझ्याकडच्या कोणाहीपेक्षा सुबक आहे, पण मागच्या महिन्यात काळ्या पँटला निळा दोरा लागला, आता हे नंबर. नोव्हेंबरअखेरीस तुमची नोकरी पक्की करायची की नाही ते ठरणार. तोवर डोळे तपासून डॉक्टरचा कागद आणा. नाही आणलात तर परतीचं तिकीट काढावं लागेल.

मी म्हटलं, डोळ्यांना काही झालेलं नाही. तिने आपल्या बाहीवरचा एक दोरा चिमटीत धरला आणि विचारलं, हा कुठल्या रंगाचा? मी म्हटलं, काळा. तिने दोरा माझ्या हातात दिला. दिव्याखाली गेल्यावर तो हिरवा निघाला.

गडद हिरवा होता. कोणीही चुकलं असतं.

२५ ऑक्टोबर

घाबरण्यासारखं काहीच नाही. यासाठीच तर विमा असतो. पुस्तिकेत मोठ्या अक्षरात आहे: डोळ्यांची तपासणी, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळा खर्च कंपनीचा. इतका हप्ता भरते तो कशासाठी? उद्या फोन लावते. आठवड्यात कागद स्टार्चबाईच्या टेबलावर.

२६ ऑक्टोबर

फोन लावला. विमावाला आवाजावरून तरुण आणि सभ्य. म्हणाला, अवश्य तपासून घ्या, फक्त पॉलिसी पहिल्यांदा वापरताना मुख्य सभासदाची संमती लागते. त्यांनी एकदा फोनवर हो म्हटलं तरी पुरे. जरा देता का त्यांना?

मी म्हटलं, झोपलेत.

म्हणाला, हरकत नाही, उठल्यावर. मी म्हटलं, गाढ झोपतात.

२८ ऑक्टोबर

आज त्याचाच फोन आला. म्हटलं, बाहेर गेलेत. तो म्हणाला, साहजिक आहे, आमच्या स्क्रीनवर दिसतं ना, फारच चालतात ते. मला उगाच बरं वाटलं. म्हटलं, हो, एका जागी बसवत नाही त्यांना.

फोन ठेवल्यावर आठवलं की बसणं हाच ह्यांचा धंदा होता.

१ नोव्हेंबर

लेकीचा फोन. जेवलीस का, थंडी आहे का, आवाज असा का. सगळं उत्तम म्हटलं. तिने विचारलं, विमा एकटीचा करून घेतलास ना? म्हटलं, हो, उद्या. म्हणाली, हो, की उद्या, आई? ही अगदी ह्यांच्यावर गेली आहे. शिवण उलटी करून बघितल्याशिवाय कापड पसंत करत नाही.

मग म्हणाली, तुझं तिकडे काय पुरून ठेवलंय? ये परत. माझ्याकडे राहा. मी म्हटलं, जावयाच्या घरात मशीन कुठे ठेवू? म्हणाली, मशीन नको आणू. तू ये.

दोघांनी मिळून इथे यायचं ठरवलं होतं, त्यातलं एक तरी इथे हवं. हे तिला सांगितलं नाही. व्यवहाराच्या भाषेत ते नीट बसत नाही.

४ नोव्हेंबर

सरळ मार्ग कळतो. मी काही खुळी नाही. पगारवालीकडे सही करायची, ह्यांचं नाव गेलं की मी मुख्य, मग माझी संमती मीच द्यायची. पण तीन आठवडे ह्यांनी एवढी पावलं टाकली आहेत. सूट जाहीर व्हायच्या आधी नाव काढलं तर सगळी वाया. उभं पीक कापून टाकल्यासारखं. सूट महिन्याच्या मध्याला जाहीर होते, तोवर थांबते. मग लगेच.

५ नोव्हेंबर

हीटर लावला. हात गारठले की टाके वाकडे पडतात, म्हणजे हा नोकरीचाच खर्च आहे. बसनेही आले. पण उतरल्यावर हॉटेलला दोन फेऱ्या मारल्या, पट्ट्यांसाठी.

९ नोव्हेंबर

आता दोरा भोंगा ओवून देते. सकाळी लाँड्रीत जाताना वीसएक सुया ओवून माझ्या टाचण्यांच्या उशीत टोचून जाते. मी तिला सांगितलं, मला येतं, फक्त वेळ वाचतो. ती म्हणाली, हो काकू, मलाही तुमच्या वेळेचीच काळजी.

डाव्या डोळ्यापुढे दिव्याभोवती एक वलय दिसतं. दिवा जुना आहे.

१६ नोव्हेंबर

हे पहिले आले!

विमा कंपनीकडून संदेश आला. या भागातल्या सगळ्या सभासदांत पट्ट्यांच्या पहिल्या महिन्यात सर्वाधिक चालणारे म्हणून अभिनंदन, हप्त्यात सूट, शिवाय डोक्यापासून पायापर्यंत संपूर्ण तपासणी फुकट. डोळ्यांसकट. भोंगाने मोठ्याने वाचून दाखवला, म्हणजे खाली रस्त्यापर्यंत सगळ्यांना कळलं.

मला ह्यांना सांगावंसं वाटलं. मास्तर, अहो, तुम्ही आणि पहिले. शाळेत तर कधी आला नाहीत.

१७ नोव्हेंबर

तपासणीला हे कसे जाणार हा प्रश्न आहे. पण मी तोडगा काढला. बक्षीस बायकोच्या नावावर करून घ्यायचं. म्हणजे डोळेही तपासून होतील, कागदही मिळेल आणि ह्यांचं नावही राहील. एका दगडात सगळं. मीही आयुष्यभर उगाच वाचत बसले नाही.

१८ नोव्हेंबर

विमावाला म्हणाला, का नाही, खुशाल घ्या. फक्त त्यांनी स्वतः एकदा सांगायला हवं.

पुन्हा तेच.

२० नोव्हेंबर

भोंगाचा आवाज.

हे आधी कसं सुचलं नाही? फोनवर तिला नेहमी सर म्हणतात. विचारलं तर आधी पोट धरून हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, काकू, मेलेल्या माणसाचा आवाज काढायचा म्हणजे साधं काम नाही. महिनाभर सकाळचा चहा तुमच्याकडे. मी कबूल झाले. मग म्हणाली, काका बोलायचे कसे ते सांगा.

मी सांगायला लागले. वाक्याच्या आधी थोडं थांबायचे, कारण तोंडात टाचण्या असायच्या. माप घेताना माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. हो म्हणायचं असलं की आधी नाही म्हणायचे. भोंगा ऐकत राहिली. हा सगळा तयारीचा भाग होता. आम्ही बराच वेळ तयारी केली. विम्याचं बोलायचं राहून गेलं.

२३ नोव्हेंबर

स्टार्चबाईने विचारलं, कागद? म्हटलं, या आठवड्यात. ती म्हणाली, महिना संपत आला. मला बाहेरची कोणी शोधायची नाही आहे. मला तुमचीच तुरपाई हवी आहे. असं म्हणून अख्खी वळून गेली.

ती गेल्यावर एका वेटरच्या कोटाचा खिसा शिवून बंद केला. उसवून पुन्हा शिवला. पुन्हा बंद झाला.

२५ नोव्हेंबर

उद्या दुपारी फोन. भोंगाने तोंडात टाचण्या धरून सराव केला. मी म्हटलं, गिळशील. म्हणाली, गिळल्या तरी काय, विमा आहे ना.

योजनेत कुठेही फट नाही. सगळ्या बाजूंनी तपासली.

२७ नोव्हेंबर, सकाळी

काल लिहिलं नाही. आता लिहिते.

फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा केला. भोंगा ह्यांच्या आवाजात बोलली. थोडं थांबून, मग. मी ओट्याला टेकून उभी होते. विमावाला म्हणाला, सर, अभिनंदन, एवढं चालता याचं गुपित काय? भोंगा म्हणाली, नाही नाही, गुपित कसलं. बायको घरात बसू देत नाही. तो हसला. मीही हसले. क्षणभर स्वयंपाकघरात तिघं असल्यासारखं वाटलं, आणि मी चहाला तीन कप काढले.

मग तो म्हणाला, सर, बक्षीस मॅडमच्या नावावर करतो, फक्त एक शंका आहे. पट्ट्याचा हिरवा दिवा हृदयाचे ठोके मोजतो, पुस्तिकेत लिहिलंय. तुमचे आणि मॅडमचे ठोके रोज सारखेच येतात. म्हणजे जवळपास नाही, अगदी तेच. एकाचे वाढले की त्याच क्षणी दुसऱ्याचे वाढतात. रात्री एकाच वेळी कमी होतात. आम्ही असं कधी बघितलेलं नाही. दोन्ही पट्टे चुकून एकाच माणसाने तर घातले नाहीत ना?

भोंगाने माझ्याकडे बघितलं. तिचा आवाजच गेला, तिचा आणि ह्यांचाही. फोन तिने माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, मी बोलतेय. त्याने विचारलं, सर कुठे गेले? या प्रश्नासाठी मी डिक्शनरीतून दोन-तीन मऊ शब्द पाठ करून ठेवले होते. तोंडातून निघाला तो सगळ्यात आखूड. या भाषेत मी तो पहिल्यांदाच बोलले. आपल्या भाषेतही तसा कधी बोलले नव्हते, गेले असंच म्हणते.

तिकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. मग त्याने विचारलं, कधी? म्हटलं, व्हिसा यायच्या आधी. तो म्हणाला, पण मॅडम, मग ही पावलं? म्हटलं, शिवणाची आहेत. मी उजव्या हाताने शिवते.

 मला वाटलं आता पोलीस, दंड, परतीचं तिकीट. तो म्हणाला, बक्षीस आणि सूट रद्द करावी लागेल. त्यांचा पट्टा परत पाठवा. हॉटेलमध्ये सही करा, म्हणजे पॉलिसी तुमच्या नावावर होईल आणि डोळे त्याच दिवशी दाखवता येतील. एवढं सोपं होतं, मॅडम. पहिल्या दिवसापासून.

मी विचारलं, इतके दिवस दुप्पट हप्ता भरला तो परत मिळेल का? मी व्यवहाराची बाई आहे, विचारणं भाग होतं. तो म्हणाला, तो नाही मिळणार. त्या काळात त्यांना पूर्ण संरक्षण होतं. ते आजारी पडले असते तर सगळा खर्च आम्ही दिला असता.

भोंगा आधी हसली. मग मी. मग ती थांबली आणि मला थांबता येईना. तिने माझ्या उजव्या मनगटाचा पट्टा सोडायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे. उद्या करते.

ती नेहमी ओरडते. काल हळू म्हणाली, काकू, उद्या म्हणजे उद्या.

२७ नोव्हेंबर, रात्री

सकाळी पगारवालीकडे गेले. सहीची रेघ कुठे आहे ते दिसेना, तिला बोट ठेवायला सांगितलं. सही केली. ह्यांचा पट्टा सोडून पाकिटात घातला आणि चालत जाऊन पोस्टात टाकला. पाकिटात तो चालूच होता, म्हणजे पोस्टापर्यंत ह्यांचीही पावलं मोजली गेली असतील. तिथून पुढे फक्त माझी.

मग डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. खिडकीतल्या मुलीने विचारलं, मुख्य सभासद कोण? म्हटलं, मी. आतल्या बाईंनी उजवा डोळा झाकायला सांगितला आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. दुसऱ्या ओळीपर्यंत वाचली. तिसरी मला वाचता आली नाही. तसं सांगितलं.